विंडोज आणि लिनक्स यांच्यात रोजची ये-जा, त्यात हरवणाऱ्या विंडो: रीस्टार्ट कुठे टाळायचा आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ११ आणि उबुंटू शेजारी शेजारी टाकलंय. पायथन आणि वेबसाइटचं काम उबुंटूवर, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली आणि हिशेबाचं एक सॉफ्टवेअर विंडोजवर. दिवसातून चार-पाच वेळा रीस्टार्ट मारावा लागतो. उबुंटूत आलं की विंडोजचा ड्राइव्ह कधी नीट उघडतो, कधी फक्त वाचता येतो. घड्याळ काही तासांनी चुकलेलं असतं. शिवाय दोन्हीकडे वीसेक विंडो उघड्या, त्यामुळे ऑल्ट-टॅब दाबत बसावं लागतं. तर व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) टाकावं की दुसरा मॉनिटर घ्यावा?

यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. मॉनिटर घेऊन रीस्टार्ट कमी होणार नाहीत आणि व्हर्च्युअल मशीन टाकून ऑल्ट-टॅबची गर्दी वाढेलच. आधी रीस्टार्टचं बघू. एसएसडीवर रीस्टार्टला लागणारा वेळ फार नसतो. महाग पडतं ते उघडं असलेलं सगळं बंद होणं: टर्मिनलमध्ये चालू असलेला सर्व्हर, एडिटरमधल्या फाइली, अर्धवट शोधलेली एरर, तिच्यासाठी उघडलेले आठ टॅब. परत आल्यावर हा पसारा पुन्हा मांडावा लागतो. म्हणून अदलाबदलीच्या कुठल्याही पद्धतीला मी एकच प्रश्न विचारतो, की इकडून तिकडे जाताना मागे काय टाकून जावं लागतं? रीस्टार्टमध्ये सगळंच. व्हर्च्युअल मशीनमध्ये काहीच टाकावं लागत नाही, पण रॅमचा मोठा तुकडा अडकून पडतो. नुसती विंडो बदलली तर जास्तीत जास्त विचारांचा धागा तुटतो. जे काम विंडो बदलून होण्यासारखं आहे, त्यासाठी रीस्टार्ट मारायचा नाही, एवढंच धोरण.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हिशेबाचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (लायसन्सची खूण म्हणून लावावा लागणारा छोटा यूएसबी तुकडा) मागतं का? उबुंटूत ग्राफिक्स कार्ड लागेल असं काही करता का? लॅपटॉपची रॅम वाढवता येते की ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे? या तीन उत्तरांवर निवड बदलते, ती कशी ते पुढे येईलच. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करा.

वेबसाइट आणि पायथन एवढंच काम असेल, तर पहिला प्रयोग डब्ल्यूएसएलचा करा. हे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स. डब्ल्यूएसएल २ मध्ये खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, पण ते मशीन तुम्हाला वेगळं सांभाळावं लागत नाही. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्यायचं, एकदा रीस्टार्ट करायचा. नंतर ते युजरनेम-पासवर्ड विचारतं आणि उबुंटू तयार होतं. आत चालू केलेला सर्व्हर विंडोजच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर तसाच उघडतो. म्हणजे एक्सेल, ब्राउझर आणि लिनक्सचं टर्मिनल एकाच टास्कबारवर, आणि अदलाबदल फक्त ऑल्ट-टॅबची.

डब्ल्यूएसएल स्लो आहे म्हणून सोडून देणारे बहुतेक जण एकाच जागी अडकलेले असतात. प्रोजेक्टचं फोल्डर विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवतात आणि लिनक्समधून ते एमएनटी-सी या वाटेने उघडतात. त्या वाटेवर प्रत्येक फाइलसाठी दोन सिस्टिमच्या मध्ये ये-जा होते. एखादी मोठी व्हिडिओ फाइल असेल तर फारसं कळत नाही, पण हजारो बारीक फाइलींचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर असलं की इन्स्टॉल आणि गिट स्टेटस रडत-रखडत चालतात. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. विंडोजला त्या फाइली हव्या असतील तर फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला 'लिनक्स' अशी नोंद दिसते, तिथून उघडा.

दुसरी गोष्ट मेमरीची. डब्ल्यूएसएल मुळात एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. तुमच्या विंडोज युजर फोल्डरमध्ये 'डब्ल्यूएसएलकॉन्फिग' नावाची फाइल तयार करा (नावाची सुरुवात टिंबाने), तिच्यात चौकटी कंसात 'डब्ल्यूएसएल२' आणि खालच्या ओळीत 'मेमरी=३जीबी' लिहा, मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' देऊन पुन्हा चालू करा. नोटपॅडने ही फाइल सेव्ह करताना शेवटी डॉट-टीएक्सटी चिकटलेलं असतं आणि मग सेटिंग लागूच होत नाही, तेवढं बघून घ्या. तिसरा घोळ ओळींच्या शेवटाचा. विंडोजच्या एडिटरने सेव्ह केलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या टोकाला एक जादा, न दिसणारं चिन्ह येतं आणि लिनक्स 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून स्क्रिप्ट चालवायला नकार देतं. एडिटरच्या खालच्या पट्टीत सीआरएलएफ (ओळ संपवायची विंडोजची पद्धत, लिनक्सची एलएफ) दिसतंय का बघा, असेल तर एलएफ करा.

डब्ल्यूएसएल कुठे कमी पडतं तेही सांगतो. यूएसबीला जोडलेलं उपकरण आत थेट दिसत नाही, त्यासाठी वेगळं साधन टाकून ते प्रत्येक वेळी जोडून द्यावं लागतं. लिनक्सचा पूर्ण डेस्कटॉपच हवा असेल, कर्नल मॉड्यूल किंवा ड्रायव्हरवर काम असेल, तर हे सोडा.

आता व्हर्च्युअल मशीन. तुमच्या ८ जीबीवर मी ते रोजच्या वापरासाठी टाकणार नाही. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते आणि ती खरोखर कमीत कमी आहे. पाहुण्या (मशीनच्या आतल्या) विंडोजला ४ दिली की यजमान (बाहेरच्या) उबुंटूकडे ४ उरतात. त्यात ब्राउझर आणि एडिटर उघडले की दोन्ही सिस्टिम एसएसडीवर स्वॅप करू लागतात, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर हलवू लागतात, आणि दोन्ही कासवाच्या गतीने चालतात. रॅम १६ करता येत असेल तर मात्र चित्र पालटतं: उबुंटू मुख्य, त्यात विंडोजला ६ जीबी, आणि काम झालं की मशीन बंद न करता 'सेव्ह स्टेट'. मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरतं, रॅम मोकळी होते, आणि पुन्हा चालू केल्यावर एक्सेलची फाइल त्याच सेलवर उघडी मिळते. मशीनमधल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतं हे हिशेबात धरा. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हर्च्युअलबॉक्स घेत असाल तर ७.० किंवा पुढची आवृत्ती घ्या, कारण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सोय तिथून पुढे आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये पहिल्या दिवशी लोक गोंधळतात ते कीबोर्डच्या मालकीवरून. मशीनच्या विंडोमध्ये क्लिक केलं की कीबोर्ड पाहुण्याकडे जातो आणि ऑल्ट-टॅब आतल्या विंडो बदलू लागतं, बाहेर येताच येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुटकेचं बटण उजवीकडचं कंट्रोल. ते एकदा दाबून सोडा, मग ऑल्ट-टॅब बाहेरचं. उजवं कंट्रोल आणि एफ म्हणजे फुल स्क्रीन, पुन्हा तेच म्हणजे परत. मशीन कायम फुल स्क्रीनवर एका स्वतंत्र वर्कस्पेसमध्ये ठेवलं तर सगळ्यात कमी घोटाळा होतो. गेस्ट ॲडिशन्स (पाहुण्या सिस्टिममध्ये टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय स्क्रीनचा आकार जुळत नाही आणि कॉपी-पेस्ट इकडून तिकडे जात नाही. टाकल्यानंतरही 'डिव्हाइसेस' मेनूमध्ये 'शेअर्ड क्लिपबोर्ड' दोन्ही दिशांनी सुरू करावा लागतो, तो आपोआप सुरू होत नाही.

उलट बाजूने, म्हणजे विंडोज यजमान ठेवून व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू चालवणार असाल, तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का ते बघा. दिसलं तर हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट मिळत नाहीये. डब्ल्यूएसएल २ सुद्धा त्याच पायावर उभं असतं. म्हणून डब्ल्यूएसएल आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही एकत्र ठेवून दोघांकडून वेगाची अपेक्षा करू नका, एक निवडा.

काही कामांना मात्र ड्युअल बूटच, म्हणजे आत्ताची शेजारी शेजारी टाकलेल्या दोन सिस्टिमची व्यवस्थाच लागते. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद, काही ऑनलाइन गेम, काही डोंगल, फर्मवेअर अपडेट करणारी साधनं. तेव्हा ड्युअल बूट काढून टाकू नका, पण ते आठवड्यातून एक-दोनदा लागेल अशा जागी नेऊन ठेवा, आणि आहे तोवर नीट लावून घ्या. तुमच्या ड्राइव्ह आणि घड्याळाच्या तक्रारी इथल्याच आहेत.

'फक्त वाचता येतो' यामागे विंडोजचं फास्ट स्टार्टअप आहे. ते चालू असताना शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर लिहिला जातो, आणि विंडोजचा ड्राइव्ह (त्याची मांडणी एनटीएफएस पद्धतीची) 'अजून वापरात आहे' अशा अवस्थेत राहतो. लिनक्सला ती खूण दिसते आणि ते लिहायला नकार देतं. हे बरोबरच आहे. विंडोज परत उठेल तेव्हा त्याच्या मेमरीत ड्राइव्हचं जुनं चित्र असेल, मध्येच लिनक्सने काही बदललं असेल तर फाइल सिस्टिम बिघडते. 'कधी उघडतो, कधी नाही' याचंही कारण यातच आहे: रीस्टार्ट दिला तर विंडोज पूर्ण बंद होतं, शट डाउन दिलं तर होत नाही.

उपाय: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ क्लिक करा, मग खालच्या 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा. वरची ओळ क्लिक केल्याशिवाय टिक फिकट दिसते आणि निघत नाही, तिथेच पुष्कळ जण परत फिरतात. घाईच्या वेळी शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर टिक परत आली नाही ना, एवढं पाहत जा. जबरदस्तीने ड्राइव्ह माउंट करणाऱ्या, हायबरनेशनची फाइल उडवणाऱ्या कमांड नेटवर सापडतात. त्या वापरू नका. विंडोज खरोखर हायबरनेट केलेलं असेल तर त्यातलं न साठवलेलं काम त्या फाइलबरोबर जातं.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी विंडोजचा सी ड्राइव्ह वापरूच नका. ४०-५० जीबीचं वेगळं पार्टिशन करा. त्याची मांडणी एक्सफॅट पद्धतीची केली तर दोन्हीकडे बिनतक्रार चालतं, पण त्यात जर्नल (चालू असलेल्या बदलांची नोंद) नसतं, म्हणून लिहिताना लॅपटॉप अचानक बंद पडला तर नुकसानीची शक्यता जास्त, आणि लिनक्सच्या फाइल परवानग्याही त्यात टिकत नाहीत. कागदपत्रं, फोटो, एक्सेलच्या फाइली यांना ते पुरेसं आहे. कोडचं फोल्डर तिथे नको, कोड गिटमधूनच इकडे-तिकडे न्या.

घड्याळाचं कारण साधं आहे. मदरबोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. जो नंतर सुरू होतो तो दुसऱ्याने लिहिलेली वेळ आपल्या पद्धतीने वाचतो, म्हणून फरक नेमका तुमच्या टाइमझोनइतका असतो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की ते विंडोजसारखं वागू लागतं. हा उपाय झटपट आहे, पण जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे दोन्ही सिस्टिम आपापला एकेक तास सरकवतात. माझी पसंती विंडोजला यूटीसी शिकवण्याला: रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन इथे 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' नावाची ड्वर्ड किंमत (मधल्या जागा न सोडता) तयार करून तिला १ द्या. दोन्ही उपाय एकदम केलेत तर घड्याळ पुन्हा चुकेल, एकच करा.

ब्लूटूथचा माउस किंवा हेडफोन प्रत्येक अदलाबदलीला पुन्हा जोडावा लागतो, हेही अनेकांना छळतं. लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे एकच असतो, पण जोडताना तयार होणारी गुप्त किल्ली वेगळी. माउसच्या लेखी लॅपटॉप एकच, म्हणून तो शेवटची किल्ली ठेवतो आणि आधीची विसरतो. एका सिस्टिममधली किल्ली दुसऱ्या सिस्टिममध्ये कॉपी करता येते, पण यूएसबी रिसीव्हरवाला वायरलेस माउस घेणं कितीतरी सोपं.

बूट मेनूकडे येऊ. विंडोज अपडेटमध्ये रीस्टार्ट दोन-तीनदा होतो आणि ग्रब, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा मेनू, प्रत्येक वेळी उबुंटूत नेऊन सोडतो, मग अपडेट अर्धवट लोंबकळतं. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये (इटीसी, डिफॉल्ट, ग्रब) 'ग्रब डिफॉल्ट'ची किंमत 'सेव्ह्ड' करा, 'ग्रब सेव्हडिफॉल्ट=ट्रू' ही ओळ घाला आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. मग शेवटी निवडलेली सिस्टिमच पुढच्या वेळी सुरू होते. मेनूतून विंडोजच गायब झालं असेल तर घाबरू नका. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. त्याच फाइलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' फॉल्स करून पुन्हा अपडेट-ग्रब. विंडोजमधून थेट उबुंटूत जायचं असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग 'यूज अ डिव्हाइस', तिथे उबुंटू.

हे सगळं करण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर आपोआप चालू होतं. सिक्युअर बूट बदललं, बूटचा क्रम बदलला, कधी कधी नुसतं ग्रबमधून विंडोज सुरू केलं तरी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की आधीच अकाउंटमधून काढून कागदावर किंवा फोनमध्ये ठेवा. ती लॅपटॉपवरच साठवून ठेवणाऱ्यांची संख्या दुर्दैवाने कमी नाही. ग्रबमधून गेल्यावर की सारखी मागत असेल, तर विंडोज लॅपटॉपच्या स्वतःच्या बूट मेनूतून सुरू करा, म्हणजे चालू करताना एफ१२, एफ९ किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते.

तर पहिल्या प्रश्नाचा हिशेब: आत्ताच्या ८ जीबीवर विंडोज मुख्य आणि त्यात डब्ल्यूएसएल. १६ करता आली आणि उबुंटूच्या डेस्कटॉपवर जीव असेल तर उबुंटू मुख्य आणि विंडोज मशीनमध्ये. ड्युअल बूट दोन्ही बाबतीत मागे, क्वचित लागेल तेव्हा.

आता विंडोंचं. ऑल्ट-टॅबची यादी तुम्ही वाचताय, तिथेच गडबड होतेय. ती यादी ठरलेल्या क्रमाची नसते, शेवटी वापरलेली विंडो सगळ्यात पुढे, अशी प्रत्येक क्लिकला बदलत असते. मागच्या वेळी चौथी असलेली विंडो आता नववी असेल, म्हणून हाताला सवय लागतच नाही. ऑल्ट-टॅब एकाच कामाला उत्तम आहे: दोन विंडोंमध्ये मागे-पुढे. एकदा दाबून सोडा, आधीच्या विंडोत जाता, पुन्हा दाबलं की परत. तीन विंडोंपर्यंत ठीक, त्यापुढे दुसरं साधन हवं. बाकी, यादीत ब्राउझरचे टॅबही वेगवेगळे दिसत असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंगमध्ये टॅब न दाखवण्याचा पर्याय निवडा, गर्दी लगेच कमी होते.

ते दुसरं साधन म्हणजे ठरलेली जागा. टास्कबारवर पिन केलेल्या प्रोग्रॅमना डावीकडून क्रमांक असतात. विंडोज बटण आणि १ म्हणजे पहिला, २ म्हणजे दुसरा, असं ९ पर्यंत, आणि ० म्हणजे दहावा. प्रोग्रॅम उघडा नसेल तर उघडतो, असेल तर पुढे येतो. एकाच प्रोग्रॅमच्या अनेक विंडो असतील तर तोच आकडा पुन्हा दाबत राहिलं की एकेक पुढे सरकते. कंट्रोल, विंडोज बटण आणि आकडा दाबलं तर त्या प्रोग्रॅमची शेवटी वापरलेली विंडो थेट येते, एक्सेलच्या पाच फाइली उघड्या असताना हेच लागतं. क्रम एकदा ठरवा आणि मग हलवू नका: १ ब्राउझर, २ एडिटर, ३ टर्मिनल, ४ एक्सेल. उबुंटूच्या डॉकलाही विंडोज बटण आणि आकडा हेच चालतं. तिथेही पहिले तीन-चार प्रोग्रॅम याच क्रमाने लावा, म्हणजे सिस्टिम बदलली तरी हात बदलावा लागत नाही. हा बदल पाच मिनिटांचा आहे आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरात सर्वांत जास्त परतावा देणारा.

लिनक्समधला एक फरक माहीत हवा. उबुंटूचा डेस्कटॉप ग्नोमवर आधारलेला आहे, आणि मूळ ग्नोममध्ये ऑल्ट-टॅब विंडो बदलत नाही, प्रोग्रॅम बदलतं. एकाच प्रोग्रॅमच्या विंडोंमध्ये फिरायला ऑल्ट आणि टॅबच्या वरचं बटण लागतं. मॅकवरही हीच रीत, कमांड बटणाने. विंडोजची सवय असेल तर उबुंटूत कीबोर्ड सेटिंग्जच्या शॉर्टकटमध्ये नेव्हिगेशनखाली 'स्विच विंडोज'ला ऑल्ट-टॅब देऊन टाका. रोज दोन वेगळ्या सवयी सांभाळण्यात काही शहाणपण नाही.

देवनागरी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. ऑल्ट-शिफ्ट हे भाषा बदलण्याचं बटण असेल, तर ऑल्ट-शिफ्ट-टॅबने मागे जाताना टॅब दाबायच्या आत बोट सुटलं की कीबोर्डची भाषा बदलते आणि टर्मिनलमध्ये 'पायथन' टाइप करताना भलतंच उमटतं. विंडोजमध्ये टाइपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज आहेत, तिथून ऑल्ट-शिफ्ट काढून टाका. विंडोज बटण आणि स्पेसबार दोन्ही सिस्टिममध्ये भाषा बदलतं, तेवढंच ठेवा. त्याच पानावर 'प्रत्येक ॲप विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत' अशी टिक आहे. ती लावली की वर्डमध्ये मराठी आणि टर्मिनलमध्ये इंग्रजी आपापल्या जागी राहतं, विंडो बदलली तरी.

वीस विंडो खरोखर लागत असतील तर त्या कामानुसार वेगळ्या डेस्कटॉपवर वाटा. विंडोजमध्ये विंडोज बटण, कंट्रोल आणि डी म्हणजे नवा डेस्कटॉप, विंडोज-कंट्रोल आणि बाण म्हणजे शेजारच्यावर, विंडोज-कंट्रोल-एफ४ म्हणजे चालू डेस्कटॉप बंद, त्यावरच्या विंडो शेजारी सरकतात. ऑल्ट-टॅब मुळात फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवतं, म्हणून वीसची यादी सहा-सातवर येते. कॅल्क्युलेटर किंवा चॅटसारखं काही सगळीकडे हवं असेल तर विंडोज-टॅबने टास्क व्ह्यू उघडून त्या विंडोवर राइट क्लिक करा, सगळ्या डेस्कटॉपवर दाखवण्याचा पर्याय मिळतो. दोन किंवा तीन डेस्कटॉप पुरेत. सहा केले की 'ती विंडो कुठल्या डेस्कटॉपवर' हा नवा शोध सुरू होतो. आणि याने रॅम वाचत नाही, दिसेनाशी झालेली विंडो चालूच असते.

विंडो सापडते पण पुढे यायला दोन-तीन सेकंद घेते, असं होत असेल तर शॉर्टकटचा दोष नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा आणि 'कमिटेड'चा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून घेतलेल्या मेमरीचा) आकडा बघा. तो प्रत्यक्ष रॅमच्या बराच वर असेल तर मागे पडलेल्या विंडोची पानं डिस्कवर गेलेली असतात आणि तिकडे वळल्यावर ती परत आणावी लागतात. लिनक्समध्ये 'व्हीएमस्टॅट १' चालवून एसआय आणि एसओ (डिस्कवरून परत आलेलं आणि डिस्कवर गेलेलं) हे रकाने बघा. विंडो बदलताना तिथे सतत मोठे आकडे येत असतील तर स्वॅप चालू आहे. अशा वेळी आधी ब्राउझरचे टॅब कमी करा, ८ जीबीवर तेच सर्वांत जास्त खातात.

एखादी विंडो ऑल्ट-टॅबमध्ये दिसते पण स्क्रीनवर नाही, हा प्रकार बाहेरचा मॉनिटर काढल्यावर होतो. ती निवडा, ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एक बाण दाबून माउस हलवा, ती माउसला चिकटून आत येते. मेनू आला नाही तर विंडोज-शिफ्ट-डावा बाण.

दुसऱ्या मॉनिटरबद्दल: एकाच वेळी दोन गोष्टी डोळ्यांसमोर लागत असतील, डावीकडे कोड आणि उजवीकडे पान, किंवा एका एक्सेलमधून दुसऱ्यात आकडे तपासायचे असतील, तर त्याचा फायदा निर्विवाद आहे. फक्त विंडो शोधण्याच्या त्रासासाठी घेत असाल तर आधी पिनचा क्रम आणि दोन डेस्कटॉप आठवडाभर वापरून बघा. पैसे एकाच गोष्टीला असतील आणि रॅम वाढवता येत असेल, तर मी रॅम घेईन.

सुरुवात फास्ट स्टार्टअप, बिटलॉकरची की आणि घड्याळ यांनी करा. डब्ल्यूएसएल टाकून निदान दोन आठवडे होईपर्यंत उबुंटूचं पार्टिशन पुसू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं का, आणि रॅमचा स्लॉट रिकामा आहे का (टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं), हे दोन तपशील दिलेत तर व्हर्च्युअल मशीनबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.